अनुभवाची उसनवारी

इंग्रजी भाषेची पात्रता तपासणाऱ्या एका परीक्षेत निबंधाच्या विषयाखाली दरवेळी एक ठरलेली सूचना छापलेली असते. आपल्या उत्तराची कारणे द्यावीत आणि स्वतःच्या ज्ञानातील वा अनुभवातील समर्पक उदाहरणे द्यावीत, असा तिचा आशय. परीक्षार्थी ती वाचतो न वाचतो तोच पुढे सरकतो. कारण हाताशी चाळीस मिनिटे असतात आणि निदान अडीचशे शब्द लिहायचे असतात. परंतु ज्याला थोडी सवड आहे त्याने या सूचनेपाशी क्षणभर थांबावे. तिच्यात ‘स्वतःच्या’ असा एक शब्द आहे. आणि तयारी म्हणून आज जे काही चालते, त्यातील पुष्कळशी खटपट हा एक शब्द टाळण्यासाठी चाललेली असते. असे का व्हावे, आणि त्यात नीतीचा काही प्रश्न आहे की नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

ही परीक्षा म्हणजे आयईएलटीएस. १९८९ साली ती या नावाने सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिल, मूळची ऑस्ट्रेलियातील आयडीपी ही संस्था आणि केंब्रिज विद्यापीठाचा परीक्षा विभाग हे तिचे तीन धनी. ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे असे तिचे चार भाग असून प्रत्येकाला नऊपर्यंत श्रेणी मिळते. लेखनासाठी एक तास. परदेशी विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्याला त्या तासात आधी एखाद्या तक्त्याचे वा आलेखाचे दीडशे शब्दांत वर्णन करावे लागते आणि मग निबंध लिहावा लागतो. निबंधाचे वजन वर्णनाच्या दुप्पट. परीक्षक चार गोष्टी पाहतो: विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले आहे काय, विचारांची जुळणी नीट आहे काय, शब्दसंपत्ती पुरेशी आहे काय आणि व्याकरण शुद्ध व विविध आहे काय. चारही गोष्टींना सारखे गुण. ‘लिहिले आहे ते खरे आहे काय’ हा पाचवा प्रश्न त्याला विचारावयाचा नसतो.

हा पाचवा प्रश्न नसल्यामुळेच तयारीचे एक निराळे शास्त्र उदयाला आले आहे. शहरांतील शिकवणी वर्गांतून, आणि आता खेड्यापाड्यांतही पोचलेल्या मोबाइलवरील धड्यांतून, ते शिकवले जाते. पहिले वाक्य कसे असावे, ‘काहींच्या मते’ कोठे यावे, ‘दुसऱ्या बाजूने पाहता’ कोठे यावे, समतोल निष्कर्ष कसा काढावा, हे आधीच ठरलेले असते. विषय हाती आला की रिकाम्या जागा तेवढ्या भरायच्या. उदाहरणाची जागा आली म्हणजे एक हमखास युक्ती सांगितली जाते. अमेरिकेतील एखाद्या नामांकित विद्यापीठाने अमुक साली केलेल्या पाहणीत इतके टक्के लोकांनी असे असे सांगितले, असे बेधडक लिहून द्यावे. विद्यापीठ खरे असते, साल खरे वाटेलसे असते. पाहणी मात्र कधीच झालेली नसते. परीक्षक ती शोधत बसणार नाही हे शिकवणाराला ठाऊक असते आणि शिकणारालाही.

या रीतीला खोटेपणा म्हणून एका वाक्यात झिडकारणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. तिचा पूर्वपक्ष आधी पुरेपूर मांडला पाहिजे. आणि तो मांडण्यासाठी पुण्या-मुंबईपेक्षा यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीसारखे गाव डोळ्यांपुढे ठेवणे बरे. फुलसावंगी महागाव तालुक्यात आहे. भोवती कापूस, सोयाबीन आणि तूर. आसपासच्या तांड्यांतील मुलांच्या घरी बंजारा बोली, शाळेत मराठी, आणि इंग्रजी ही तिसरी. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आली खरी, पण पुस्तकात येणे निराळे आणि जिभेवर येणे निराळे. समजा, अशा गावातील एका मुलीने परदेशी शिकायला जाण्याचे मनात घेतले. राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, इतरही काही आहेत. पण त्यांच्या आधी बहुधा इंग्रजीच्या परीक्षेचे दार लागते. परीक्षेसाठी तिने नागपूर गाठायचे. शुल्क सुमारे अठरा हजार रुपये. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे एका बैठकीसाठी जवळजवळ साडेतीन क्विंटल सोयाबीन गेले, आणि तेही बाजारात हमीभाव मिळाला तर. निकाल दोन वर्षेच चालतो. लेखनात अर्धी श्रेणी कमी पडली तर पुन्हा पैसे.

आता या मुलीला शिकवणीतील कोणी म्हणाले, “बाई, ही परीक्षा तुझ्या भाषेची आहे, तुझ्या सचोटीची नव्हे. परीक्षक फसत नाही, कारण तो तुझ्या उदाहरणावर विश्वास ठेवायला बसलेलाच नाही. नाटकातला राजा राजा नसतो, म्हणून कोणी त्याला लबाड म्हणते काय? शहरातील मुले लहानपणापासून इंग्रजी ऐकत आली. तुला एक साचा वापरून त्यांच्या बरोबरीला येता येत असेल तर त्यात कोणाचे काय गेले?” या बोलण्यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? ज्याच्या घरी साडेतीन क्विंटलांचा हिशेब करावा लागत नाही त्याने या मुलीला सत्याचे पाठ देणे हा एक प्रकारचा उद्दामपणाच होईल.

शिवाय या युक्तिवादातील एक भाग निखालस खरा आहे. आपले नसलेले मत चाळीस मिनिटांपुरते मांडणे हे असत्य नव्हे. आपल्याकडील न्यायशास्त्राने वादाचे तीन प्रकार सांगितले: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची केवळ खोडणे ती वितंडा. यांतील वादात प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्याच जोराने मांडता येणे ही पात्रता समजली जाई. तेव्हा ‘मोठ्या शहरात राहणे चांगले की खेड्यात’ या प्रश्नावर एखाद्या खेड्यातील मुलीने शहराची बाजू घेतली, तर तिच्या हातून पाप घडले असे मानण्याचे कारण नाही. मत हे वस्त्रासारखे आहे. ते पालटता येते, दुसऱ्याचे घालून पाहताही येते.

परंतु उदाहरणाची गोष्ट वेगळी आहे. उदाहरण म्हणजे मत नव्हे. ती साक्ष आहे. ‘असे असावे’ असे मी म्हणतो तेव्हा मी विचार मांडत असतो. ‘असे घडले’ असे म्हणतो तेव्हा मी जगाविषयी ग्वाही देत असतो. न झालेल्या पाहणीची टक्केवारी देणारा ग्वाही देतो आणि ती खोटी देतो. परीक्षक फसत नाही, हे मान्य. पण न्यायाधीशाने विश्वास ठेवला नाही म्हणून खोटी साक्ष खरी होत नाही. नाटकाचा दाखलाही येथे टिकत नाही. कारण नाटकाच्या पडद्यावर ‘हे नाटक आहे’ असे लिहावे लागत नाही, ते सर्वांना माहीत असते. येथे मात्र ‘तुमच्या अनुभवातील सांगा’ असे स्पष्ट विचारलेले असते.

शिवाय या सवयीचा पुढचा मुक्काम कोठे आहे तेही पाहिले पाहिजे. ही परीक्षा विद्यापीठात शिकण्याची पात्रता तपासते. आणि विद्यापीठात गेल्यावर न झालेल्या संशोधनाचा हवाला देणे हा सर्वांत गंभीर अपराधांपैकी एक मानला जातो. त्यापायी पदवी जाऊ शकते, नाव जाऊ शकते. म्हणजे ज्या दारातून आत जायचे, त्या दाराच्या किल्लीसाठी नेमकी तीच विद्या गिरवायची जी आत गेल्यावर निषिद्ध आहे! अलीकडे तर संगणकच निबंध लिहून देतो, आणि तोही न लिहिलेल्या ग्रंथांचे आणि न झालेल्या पाहण्यांचे दाखले मोठ्या सफाईने देतो. सफाईदार खोटे हे आता माणसाचे कौशल्यही उरलेले नाही.

तरीही, माझ्या मते, खोटी टक्केवारी हा या प्रकरणातील मोठा दोष नव्हे. मोठा दोष तिच्या मागे आहे. ही मुलगी परक्या विद्यापीठाकडे उदाहरण उसने मागायला का जाते? तिच्या घरात उदाहरणांचा दुष्काळ असतो म्हणून? मुळीच नाही. आपल्या गावचे उदाहरण हे उदाहरणच नव्हे, असे तिच्या मनात बसलेले असते म्हणून.

या परीक्षेत येणारे विषय पाहावेत. शेतकऱ्याला शासनाने साहाय्य करावे की बाजारावर सोडावे? ती राहते त्याच महागाव तालुक्यात चिलगव्हाण आहे. तेथील साहेबराव करपे या शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवनयात्रा संपवली. जाण्यापूर्वी शेतकऱ्याची स्थिती सांगणारी चिठ्ठी लिहून ठेवली. महाराष्ट्रातील जाहीर नोंद झालेली पहिली शेतकरी आत्महत्या म्हणून तिचा उल्लेख होतो, आणि गेली काही वर्षे १९ मार्चला ठिकठिकाणचे लोक त्या स्मरणार्थ अन्नत्याग करतात. शेतीच्या अर्थशास्त्रावर निबंध लिहिताना या मुलीने अमेरिकेत कशाला जावे? दुसरा विषय: पुस्तकी शिक्षण श्रेष्ठ की हाताने केलेले काम? खुद्द फुलसावंगीत आठवीपर्यंत शिकलेल्या एका तरुण कारागिराने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर जुळवले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची चाचणी घेत असता पाते तुटून त्याचा मृत्यू झाला. शाळेबाहेरची बुद्धी किती झेप घेते, आणि तिला प्रयोगशाळा, मार्गदर्शक व सुरक्षिततेचे नियम न मिळाले तर काय होते, हे दोन्ही त्या एका घटनेत आहे. कोणत्या पाहणीची टक्केवारी याहून अधिक सांगेल? तिसरा विषय: मुलांना मातृभाषेतून शिकवावे की परभाषेतून? हा प्रश्न तर तिने घरची बोली, शाळेची मराठी आणि परीक्षेची इंग्रजी अशा तीन पायऱ्या चढून स्वतःच्या देहाने सोडवलेला आहे.

इतके असून ती हे लिहीत नाही. कारण तिला तसे शिकवलेले नाही. आणि येथे इंग्रजीला किंवा परदेशी परीक्षेला दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. हा धडा तिला मराठीने दिला आहे. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या यवतमाळातील मुले ‘समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ’ हा निबंध लिहीत मोठी झाली. गुलाबी थंडी, सोनेरी किरणे, किलबिलणारे पक्षी ही सामग्री मार्गदर्शक पुस्तकातून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत गेली. पऱ्हाटीच्या काटक्यांनी खरवडलेले हात, वेचणीच्या दिवसांत अर्धा रिकामा झालेला वर्ग, पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात होणारी सीतादही, यांना त्या निबंधात जागा नव्हती. असती तर गुरुजींनी त्याखाली लाल रेघ मारली असती की काय, अशी भीती होती. अनुभवाची लाज बाळगावयास आपणच शिकवतो. परदेशी परीक्षा त्या लाजेची किंमत तेवढी परकीय चलनात वसूल करते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली. जुन्या परंपरेत निबंध म्हणजे धर्मशास्त्रावरील संग्रहग्रंथ. एका माणसाने स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या नावावर, एका विषयाला भिडावे हा त्या शब्दाचा अर्थ मालेने ठसवला. तिकडे फ्रान्समध्ये माँतेन्यने १५८० साली आपल्या लेखांना जे नाव दिले त्याचाही अर्थ ‘प्रयत्न’, ‘चाचपणी’ असा होता. आणि चाचपून पाहावयाची वस्तू तो स्वतःच होता. अडीचशे शब्दांच्या परीक्षेतील निबंधही याच कुळातील, कितीही दूरचा असला तरी. म्हणून त्या सूचनेत ‘स्वतःच्या’ हा शब्द अजून टिकून आहे.

आपल्याच लोकांत या शब्दाचा मान राखणारे एक उदाहरण आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या तेव्हा आजच्यासारखी परीक्षा नव्हती. पण इंग्रजीत लिहून आणि बोलून परक्यांना पटवणे हीच एक कठीण परीक्षा होती. त्या वर्षी फेब्रुवारीत श्रीरामपूर येथे त्यांनी इंग्रजीत भाषण केले. मी अमेरिकेस का जाते, एकटी का जाते, जातीचे लोक काय म्हणतील, या लोकांनी विचारलेल्या प्रश्नांचीच त्यांनी उत्तरे दिली. शिकायला जाताना रस्त्यात झालेली टवाळीही सांगितली. फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाला पाठवलेल्या पत्रात त्यांनी आपण प्रवेशाच्या सर्व अटी पुऱ्या करीत नसू हे लपवले नाही. आपल्या देशातील स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळत नाही, ती देण्यासाठी शिकायचे आहे, हे कारण पुढे ठेवले. वय अठरा. मार्च १८८६ मध्ये त्या तेथून पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांचे इंग्रजी निर्दोष होते की नव्हते याची चर्चा कोणी करीत बसले नाही. सांगणारी व्यक्ती त्या शब्दांच्या मागे उभी आहे, हे वाचणाराला कळले.

यावर एक व्यावहारिक आक्षेप येईल. स्वतःचा अनुभव परभाषेत मांडणे हे उसन्या वाक्यांपेक्षा फार अवघड. सीतादहीला इंग्रजी शब्द कोठून आणायचा? अवघड आहे हे खरे. पण जी गोष्ट आपल्याला पुरती ठाऊक आहे ती साध्या शब्दांतही सांगता येते. जी ठाऊक नाही तिच्यासाठीच अवजड शब्दांचा फुलोरा लागतो. पाठ केलेली भाषा परीक्षकाच्या नजरेतून सुटत नाही आणि तिचे गुणही कमी होतात, हेही सांगता येईल. मात्र माझा मुद्दा मी या फायद्यावर उभा करू इच्छीत नाही. सत्य बोलल्याने अर्धी श्रेणी वाढते म्हणून सत्य बोलावे, असे म्हटले तर ज्या दिवशी खोट्याने अर्धी श्रेणी वाढेल त्या दिवशी आपल्यापाशी उत्तर उरणार नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तो उलट दिशेने येतो. अनुभव लिहा, असे म्हटले की अनुभवाचाही बाजार भरतो. शिष्यवृत्तीच्या अर्जांसोबत स्वतःची कहाणी मागतात, आणि तेथे दारिद्र्य जितके गडद तितके बरे असा समज पसरू लागला आहे. मग चिलगव्हाण हे दुःख न राहता सामग्री होते; त्या कारागिराचा मृत्यू हा एक लक्षवेधी परिच्छेद होतो. परक्या विद्यापीठाची खोटी पाहणी उसनी घेण्यापेक्षा आपल्या शेजाऱ्याचे मरण उसने घेणे हे कमी वाईट आहे, असे मला म्हणवत नाही. दोन्हींत माणूस बोलतो एक आणि त्याचे डोळे असतात दुसरीकडे, मिळणाऱ्या गुणांकडे. प्रत्येक वाक्य खरे असूनही सारे मिळून खोटे असा निबंध लिहिता येतो.

मग सांगणे कोठे संपते आणि मांडून विकणे कोठे सुरू होते? याला नियम देता येत नाही. पण एक कसोटी मला पुरेशी वाटते. निबंध लिहून झाल्यावर त्यातील उदाहरण आपल्या बोलीत करावे, मराठीत म्हणा की बंजारा बोलीत म्हणा, आणि ते ज्यांच्यावर बेतले त्यांच्यासमोर, किंवा निदान आपल्या आईसमोर, मोठ्याने वाचता येईल काय ते पाहावे. न झालेल्या पाहणीची टक्केवारी येथे पहिल्याच झटक्याला गळून पडते. आई विचारील, हे तुला कोणी सांगितले? भडक रंगवलेले दारिद्र्यही गळते; ती म्हणेल, इतके काही नव्हते गं. आणि जे उरते ते थोडे असते, साधे असते, कित्येकदा परीक्षेच्या मानाने फिकेही असते. पण ते लिहिणारीचे असते, आणि ते वाचताना तिला मान खाली घालावी लागत नाही.

यवतमाळात २०१७ च्या सुमारास मूळ धरलेल्या ‘एकलव्य’सारख्या उपक्रमांतून आज घरातील पहिल्या पिढीची शिकणारी मुले दूरच्या विद्यापीठांचे अर्ज लिहू लागली आहेत. ही संख्या वाढेल, वाढावी. त्यांना व्याकरण शिकवणारे पुष्कळ भेटतील आणि ते शिकलेच पाहिजे. साच्याचाही, सायकल शिकताना मागून धरणाऱ्या हाताएवढा, उपयोग आहे. मात्र जो त्यांना शिकवील त्याने पहिल्या दिवशी, तक्ते आणि आलेख उघडण्यापूर्वी, एवढे एक काम करावे. मुलांना आधी त्यांच्या गावातील दहा गोष्टी विचाराव्यात: पाणी कोठून येते, सोयाबीनला काय भाव मिळाला, शाळेतून कोणती मुलगी कोणत्या वर्षी आणि का नाहीशी झाली. उत्तरे कोणत्याही भाषेत येऊ द्यावीत. त्यांतली अडीचशे शब्दांना पुरेल एवढी सामग्री मुले स्वतःच निवडतील. तिचे इंग्रजी करणे ही पुढची मेहनत आहे, आणि ती मेहनतीनेच साधेल.